मातीवरची टेनिसची सांघिक लढत: दुसऱ्या जागेसाठी सर्व्हिसवाला की रॅलीवाला?

साताऱ्यात कुस्तीच्या गप्पांत माती आणि मॅट यांतला फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅटची सवय नव्हती, तरी फ्लायवेटमध्ये सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत बँटमवेटमध्ये कांस्यपदक घेतलं. पायाखालचं बदललं की डावांची किंमत बदलते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. टेनिसचा संघ निवडताना मात्र आपण क्रमवारीचा कागद पुढे ओढतो, वरची दोन नावं घेतो आणि मोकळे होतो.

आमच्या क्लबच्या संघाची जबाबदारी घेतलेल्या एका मित्राने परवा विचारलं. लढत मातीच्या कोर्टवर, परगावी. पहिला खेळाडू ठरलेला. दुसऱ्या जागेसाठी दोघे आहेत: एकाची सर्व्हिस तोफेसारखी आणि क्रमवारीत तो वर, दुसरा रॅलीवाला, म्हणजे बेसलाईनवरून (कोर्टच्या मागच्या रेषेवरून) दिवसभर चेंडू परत करणारा. कोणाला घ्यायचं? डेव्हिस करंडक या देशादेशांतल्या सांघिक स्पर्धेत भारताच्या संघापुढेही हाच पेच येत आलाय, त्यामुळे तिथलीच उदाहरणं घेतो.

आधी ही दुसरी जागा किती जड आहे ते बघा. डेव्हिसच्या दोन दिवसांच्या लढतीत पहिल्या दिवशी एकेरीचे दोन सामने असतात. त्यात आपला दुसरा खेळाडू समोरच्यांच्या पहिल्याशी भिडतो. दुसऱ्या दिवशी आधी दुहेरी, मग पहिला विरुद्ध पहिला आणि शेवटी दुसरा विरुद्ध दुसरा. म्हणजे २-२ अशी बरोबरी झाली तर सगळी लढत ज्याच्या खांद्यावर येते तो आपला दुसरा खेळाडू. पहिल्या जागेची निवड बहुतेक वेळा आपोआप होते. डोकं लावायचं ते इथं.

आता सर्व्हिसवाला. मातीवर टप्पा पडल्यावर चेंडूचा वेग मरतो आणि तो उंच उडतो. सिमेंटच्या कोर्टवर जी सर्व्हिस थेट गुण देते, ती मातीवर परत येते, आणि गुण मिळवायला त्याला आणखी फटके मारावे लागतात. मोठ्या सर्व्हिसच्या अमेरिकन पीट सॅम्प्रसने चौदा ग्रँड स्लॅम जिंकली, पण पॅरिसच्या मातीवर, फ्रेंच ओपनमध्ये, त्याची मजल १९९६च्या उपांत्य फेरीपुढे गेली नाही. आपल्याकडचा रामकुमार रामनाथन मोठ्या सर्व्हिसचा; एटीपी या पुरुषांच्या व्यावसायिक मालिकेतल्या स्पर्धेची अंतिम फेरी त्याने गाठली ती २०१८ साली न्यूपोर्टला, गवतावर. हा योगायोग नाही.

रॅलीवाल्याचं गणित उलटं. आपल्याच सुमित नागलची उंची बेताची, सर्व्हिसही जगातल्या वरच्या खेळाडूंसारखी नाही. पण एटीपीच्या खालच्या पायरीवरच्या चॅलेंजर स्पर्धांतली त्याची विजेतेपदं पाहा: २०१९ ला ब्यूनस आयर्स, २०२३ ला रोम आणि टाम्पेरे, २०२४ ला हाइलब्रॉन. चारही मातीवरची; हार्ड कोर्टवरची दोनच, २०१७ ला बेंगळुरू आणि २०२४ ला चेन्नई. २०२४ मध्येच माँटे कार्लोत त्याने मुख्य फेरीचा सामना जिंकला आणि जुलैत क्रमवारीत ६८ व्या स्थानावर पोचला. उंच उडणाऱ्या चेंडूला तो मागे सरून वेळ देतो, टॉपस्पिनने (पुढे फिरकी देऊन) खोल टाकतो आणि घसरत जाऊन फटका मारतो. ज्याचं बालपण सिमेंटवर गेलं त्याला हे घसरणं पंधरा दिवसांत येत नाही. तो आधी थांबतो, मग मारतो. तेवढ्यात चेंडू गेलेला असतो.

इथवर वाचून निकाल लागला असं वाटेल. माझा कलही रॅलीवाल्याकडेच आहे. पण दोन गोष्टी सर्व्हिसवाल्याच्या बाजूने पडतात आणि त्या प्रामाणिकपणे तोलायला हव्यात.

एक, पाचऐवजी तीन सेटचे सामने. पूर्वी पाच सेटमध्ये मातीवाला दमवून दमवून मोठ्या सर्व्हिसवाल्याला खाली आणायचा. आता आपली सर्व्हिस राखली आणि दोन टायब्रेक (६-६ झाल्यावर सेट ठरवणारा गेम) मारले की सामना खिशात. दुसरी गोष्ट जागेची. सातारा समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटरवर आहे, माद्रिदही जवळपास तेवढंच. पातळ हवेत चेंडू पळतो, म्हणून माद्रिदच्या मातीवर सर्व्हिस पॅरिसपेक्षा जास्त चालते. आपल्या कोर्टवर एखाद्या मुलाची सर्व्हिस मातीवरही लागते असं दिसलं, तर त्यातला काही वाटा उंचीचा आहे. तोच मुलगा कोकणपट्टीतल्या दमट हवेत, पाणी मारलेल्या कोर्टवर खेळला की चेंडू जड होतो आणि तीच सर्व्हिस बिनधाराची वाटते. म्हणून मित्राला माझा पहिला प्रश्न होता: लढत आहे कुठे? किनाऱ्यालगत असेल तर सर्व्हिसवाल्याचं नाव मी विचारातच घेणार नाही. पाचगणीसारख्या उंचीवर असेल तर घेईन.

मातीचा म्हणून कोणावरही डोळे झाकून विसंबू नये, हे डेव्हिस करंडकाच्या १९९५ च्या अंतिम लढतीने दाखवलं. मॉस्कोत रशियाने बंदिस्त सभागृहात संथ माती टाकली. अमेरिकेकडे जिम कुरियर होता, फ्रेंच ओपन दोनदा जिंकलेला. त्याने दोन्ही एकेरी सामने गमावले. आणि ज्याला माती पचत नाही म्हणायचे त्या सॅम्प्रसने दोन्ही एकेरी आणि टॉड मार्टिनबरोबर दुहेरी जिंकून ३-२ ने करंडक नेला. पहिला सामना संपताच तो पायात गोळे येऊन कोसळला होता, तरी पुढचे दोन दिवस उभा राहिला. पण तो सॅम्प्रस होता. आपल्या क्लबात तसा कोणी असेल तर त्याला पहिल्या जागेवर खेळवा, दुसऱ्या जागेचा प्रश्नच वेगळा.

भारताच्या संघाचा इतिहासही दोन्हीकडे बोट दाखवतो. १९८७ साली सिडनीच्या गवतावर ऑस्ट्रेलियाला ३-२ ने हरवणारा भारत त्याच वर्षी गोथेनबर्गच्या बंदिस्त मातीवर स्वीडनकडून ०-५ हरला. यजमानाला कोर्ट ठरवता येतं, त्याचा असा पुरेपूर वापर होतो. पण १९९३ ला फ्रान्सनेही फ्रेजूसला मातीच टाकली, आणि रमेश कृष्णन व लिअँडर पेसच्या संघाने तिथे ३-२ ने बाजी मारली. तो विजय आठवला की मला आजही भरून येतं. त्यानंतर युरोपात जाऊन युरोपीय संघाला हरवायला भारताला सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं, बीलला स्वित्झर्लंडविरुद्ध. तिथलं कोर्ट हार्ड, म्हणजे सिमेंटसारखं कडक होतं, म्हणून उंच आणि मोठ्या सर्व्हिसच्या दक्षिणेश्वर सुरेशला दुसऱ्या जागेवर उतरवणं फळलं. पहिला सेट त्याने टायब्रेकवर घेतला आणि क्रमवारीत कितीतरी वर असलेल्या जेरोम किमला हरवलं. याच विजयावरून मातीवरही तोच चालेल असा निष्कर्ष काढणं चूक होईल.

दुहेरीत माझं मत वेगळं आहे. तिथे मी कोर्टपेक्षा जोडीला महत्त्व देतो. आपला युकी भांब्री आणि फ्रान्सचा अल्बानो ऑलिव्हेटी या जोडीने २०२४ मध्ये म्युनिक आणि ग्श्टाडला मातीवर विजेतेपदं घेतली, तेव्हा नेटजवळचा खेळ मातीवर निकामी होतो असं कोणी म्हणू नये. दोघांनी मिळून वर्षभर सामने खेळलेले असले, कोण मध्ये शिरणार हे न बोलता ठरत असलं, तर ती जोडी फोडू नका. एकेरीवाल्याला आदल्या दिवशीचा अडीच तासांचा सामना झाल्यावर दुहेरीतही ढकलण्याचा मोह होतो. ज्याला नंतर पाचवा सामना खेळायचा असू शकतो, त्याचे पाय वाचवा.

मित्राला शेवटी एवढंच सांगितलं. दोघांना सलग दोन दिवस कोर्टवर बोलाव. सकाळी पाणी मारून रोलर फिरव, चुन्याच्या पट्ट्या ताज्या आख आणि दोन्ही दिवस तीन सेटचा सामना लाव. पहिल्या दिवशी कोण जिंकतो ते वहीत लिहूच नकोस. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या सेटमध्ये, ड्रॉप शॉट (नेटलगत अलगद टाकलेला चेंडू) पडल्यावर कोण अजून पुढे धावतो आणि कोण नुसता बघत उभा राहतो, तेवढं लिही.