बोर्गात्तींच्या नूडल्स आणि आमच्या सिन्योराबाई

आधी दुकानाचं सांगते, नाहीतर माझ्या इटालियनच्या बाईंच्या आठवणींत दुकान राहून जाईल. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये बेलमाँट नावाची जुनी इटालियन वस्ती आहे, पण लोक तिला आर्थर ॲव्हेन्यू म्हणूनच ओळखतात. मॅनहॅटनमधलं ‘लिटल इटली’ आता बरंचसं पर्यटकांपुरतं उरलंय. इथं मात्र लोक पिशवी घेऊन घरचा बाजार करायला येतात. ईस्ट १८७व्या रस्त्यावर, माउंट कार्मेलच्या चर्चच्या अगदी समोर, ‘बोर्गात्तीज राव्हिओली अँड एग नूडल्स’ हे दुकान आहे. उत्तर इटलीतल्या बोलोन्याकडच्या एका कुटुंबानं ते १९३५ साली काढलं.

इथं बसून खायला काही मिळत नाही. हॉटेल समजून भुकेल्या पोटी गेलात तर कच्चा पास्ता बघत उभे राहाल. काउंटरवर अंडं घालून मळलेल्या कणकेच्या पातळ लाद्या असतात. पट्टी किती रुंद हवी ते आपण सांगायचं. त्यासाठी नमुने मांडलेले असतात, त्यांना नंबर असतात. आपल्याकडं गिरणीत ‘जाड की बारीक’ विचारतात, तसाच प्रकार. नंबर सांगितला की लादी यंत्रातून जाते, पलीकडून पट्ट्या पडतात. त्यांवर मक्याचा रवा भुरभुरायचा, हातानं मोकळ्या करायच्या आणि कागदात गुंडाळून द्यायच्या. सगळं तुमच्या डोळ्यांदेखत. तो रवा चिकटू नये म्हणून असतो. घरी आल्यावर झटकून टाका, नाहीतर पाणी पिठूळ होतं.

मला या दुकानात पहिल्यांदा आमच्या बाईंनी नेलं. मी मूळची सांगलीची, कामानं फिजिओथेरपिस्ट. ब्रॉन्क्समध्ये नोकरी लागली तेव्हा माझे निम्मे पेशंट ऐंशीच्या पुढचे इटालियन. खुब्याची नाहीतर गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले, आणि दुखायला लागलं की इंग्लिश विसरणारे. इटालियन शिकायला कुणीतरी बाईंचं नाव सुचवलं. त्या सरकारी हायस्कुलात इटालियन शिकवून निवृत्त झालेल्या. नातवंडं त्यांना नोन्ना म्हणत, विद्यार्थी सिन्योरा. मी मनातल्या मनात ‘बाई’च म्हणायचे.

‘माझं नाव अमुक, मला पिझ्झा आवडतो’ हे त्यांनी मला शिकवलंच नाही. पहिल्याच दिवशी आज्ञार्थ घेतला, तोही आदरार्थी. “तुला माणसांना वाकवायचंय ना? मग नीट वाकव.” ‘पिएगी इल जिनॉक्किओ’, म्हणजे गुडघा वाकवा, हे स्वतःचा गुडघा वाकवत, खुर्चीचा हात धरून त्यांनी इतक्या वेळा म्हणून घेतलं की शेवटी त्यांनाच धाप लागली.

त्यांचं गाव नेपल्सच्या मागच्या डोंगरात, अवेल्लीनोकडं. त्या आल्या १९५६च्या शरद ऋतूत, जहाजानं. त्याच जुलैत ‘आन्द्रेआ दोरिया’ हे मोठं जहाज न्यूयॉर्कच्या वाटेवर दुसऱ्या जहाजाला धडकून बुडालं होतं. त्यामुळं बाईंच्या आईनं अख्खा प्रवास जपमाळेवर काढला. एलिस आयलंड म्हणजे न्यूयॉर्कच्या बंदरातलं, येणाऱ्या स्थलांतरितांची तपासणी व्हायची ते बेट. लोक त्यांना हमखास त्याबद्दल विचारत आणि त्या वैतागत. “ते १९५४लाच बंद झालं. मी मॅनहॅटनच्या धक्क्यावर उतरले, आणि तिथं कुणी व्हायोलिन वाजवत नव्हतं.” दिवसा शिवणाच्या कारखान्यात कोटांना अस्तरं लावायची, रात्री कॉलेजात जायचं. असं करत करत त्या शिक्षिका झाल्या.

गंमत म्हणजे त्यांच्या वर्गातली बरीच मुलं इटालियनच घरांतली असायची आणि त्यांना इटालियन येत नसायचं. याचं कारण त्या सांगायच्या तेव्हा आवाज चढायचा. दुसऱ्या महायुद्धात इटली शत्रुपक्षात. ‘शत्रूची भाषा बोलू नका’ असं बजावणारी पोस्टरं तेव्हा अमेरिकेत लागली होती. नागरिकत्व न घेतलेल्या सुमारे ६ लाख इटालियनांवर काही महिने परके शत्रू असा शिक्का होता. घाबरलेल्या आयांनी पोरांशी मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये बोलायला सुरुवात केली. त्या पोरांची पोरं मग गृहपाठ करून आजीची भाषा शिकायला बाईंपुढं बसायची.

लेओनार्ड कोव्हेल्लो हे त्यांचं दैवत. कोव्हेल्लो दक्षिण इटलीतून लहानपणी आलेले, पुढं ईस्ट हार्लेममधल्या बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. न्यूयॉर्कच्या शाळांत इटालियनला फ्रेंच-स्पॅनिशच्या बरोबरीची जागा मिळावी म्हणून ते झगडले आणि १९२२ साली ती मिळाली. एवढं होऊनही २००९ मध्ये इटालियनची एपी परीक्षा (हायस्कूलच्या मुलांसाठीची कॉलेजच्या पातळीची परीक्षा) बंद पडली. बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या, तरी जुन्या विद्यार्थ्यांना फोन करकरून पत्रं लिहायला लावली. २०१२ साली परीक्षा परत आली तेव्हा त्यांनी त्याचं श्रेय निःसंकोच स्वतःकडं घेतलं.

आता पुन्हा दुकानाकडं. बोर्गात्तींबद्दल बाईंची एक तक्रार होती, ती ऐकण्यासारखी आहे. त्यांच्या डोंगरात पास्ता म्हणजे रवाळ पीठ आणि पाणी, बस्स. अंडं विकायचं असतं, कणकेत मोडायचं नसतं. अंड्याचा पास्ता ही बोलोन्यावाल्यांची, उत्तरेकडची श्रीमंती. “नुसती उधळपट्टी,” असं त्या रांगेत उभ्या राहून मोठ्यानं म्हणायच्या आणि पाकीट घेऊनच बाहेर पडायच्या. चिकनच्या पातळ सुपात घालायला सगळ्यात बारीक पट्टी आणि रविवारच्या टोमॅटो-मटणाच्या रश्श्याला रुंद.

ती रांग हा त्यांचा दुसरा वर्ग. काउंटरवर इंग्लिश चालतं, पण बाई मला मुद्दाम एखाद्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाजवळ उभं करायच्या आणि स्वतः खिडकीतून बाहेर बघायच्या. तो माणूस ‘रिकोत्ता’ या मऊ चीजला ‘रिगॉट्ट’ म्हणायचा, शेवटचे स्वर गिळायचा. मी मदतीसाठी बाईंकडं बघितलं तर ढिम्म. नंतर म्हणायच्या, “तुझे पेशंट असेच बोलणार. तुझ्या वहीतलं इटालियन त्यांच्या आईलाही येत नव्हतं.” त्यांना स्वतःलाही ते शाळेत जाऊनच शिकावं लागलं होतं, घरची बोली वेगळीच. म्हणूनच त्या बोलीवाल्यांना कधी दुरुस्त करत नसत. मला मात्र स्वल्पविरामासाठीसुद्धा सोडलं नाही.

माल कसा आहे? नूडल्स उत्तम. बारीक पट्टी उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटांत होते, तेवढ्यात फोन घेऊ नका. चावताना पट्टीला जीव असतो, सुपरमार्केटच्या डब्यातल्यासारखी ती पिठूळ होत नाही. राव्हिओली, म्हणजे सारण भरलेले पास्त्याचे चौकोन, मला एक पायरी खाली वाटते. चीजचं सारण छान आहे, वरचं आवरण नाजूक आहे, पण सारणाला स्वतःची अशी चव कमी, सगळी मदार तुमच्या सॉसवर. ती चौकोनांच्या अखंड तावांतून येते, घरी आपण सुटी करायची. फ्रीझरमध्ये चांगली टिकते. गोठलेलीच पाण्यात सोडा, बाहेर काढून मऊ होऊ दिलीत तर फाटेल.

शाकाहारी मंडळींसाठी: चीज राव्हिओलीच्या कणकेतही अंडं असतं. आणि वर अस्सल पार्मिज्यानो किसणार असाल तर ते वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) वापरून बनतं. माझ्या सासूबाईंना हे मी जेवणाआधी सांगितलं, तर त्यांनी वरणभातच घेतला.

तिथवर गेलाच आहात तर आर्थर ॲव्हेन्यूवरच्या बंदिस्त मंडईतही डोकवा. रस्त्यावरच्या हातगाड्या हटवून विक्रेत्यांना छपराखाली आणायचं, या धोरणातून महापौर ला ग्वार्दियांच्या काळात ती १९४० साली उघडली. हे ला ग्वार्दिया तरुणपणी एलिस आयलंडवर दुभाष्याचं काम करायचे. तेवढ्या एका गोष्टीसाठी बाई त्या बेटाचा उद्धार आवरता घ्यायच्या.

बाई गेल्या हिवाळ्यात गेल्या, नव्वदीला टेकल्या होत्या. आता मी एकटीच जाते. रांगेत म्हातारी माणसं अजूनही बोलायला लागतात, आणि एकदा लागली की थांबत नाहीत. मागचे लोक चुळबुळतात, पण तिथं त्याचं कुणाला काही वाटत नाही.

गाडी नेऊ नका, शनिवारी जागा मिळता मिळत नाही. डी ट्रेननं फोर्डहॅम रोडला उतरून बीएक्स-१२ बस पकडा, नाहीतर चाला. दुपारनंतर गर्दी वाढते, सकाळी जा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी राव्हिओलीच्या मोहात न पडता मधल्या रुंदीच्या नूडल्स घ्याव्यात आणि त्यात लोणी, मिरपूड, चीज यापलीकडं काही घालू नये. क्रीम तर नाहीच. क्रीमवर बाईंचं काय मत होतं ते इथं छापण्याजोगं नाही.