मुलांच्या शूच्या तक्रारी तपासणारं ब्लॅडर क्लिनिक, आमचा अनुभव (5 पैकी 4 स्टार)

आधीच सांगते, जो एक स्टार कापलाय तो वेटिंगसाठी कापलाय, डॉक्टर आणि टेक्निशियन ताईंना पूर्ण मार्क.

लेक 7 वर्षांची आहे. रात्री कोरडी असते पण दिवसा चड्डी ओली होते, कधी जराशी तर कधी बाहेरून दिसेल इतकी. घरातले म्हणायचे ब्लॅडर कमजोर आहे, शाळेतल्या मिस म्हणायच्या खेळाच्या नादात जात नाही, आणि आधी जिथे दाखवलं तिथे युरीन रिपोर्ट नॉर्मल बघून ब्लॅडर शांत करायची गोळी लिहून दिली आणि मोठी झाली की जाईल म्हणाले. ब्लॅडर भरतं किती, रिकामं होतं का, होताना काय होतं हे कुणी बघितलंच नाही. इथे बघितलं, म्हणून एवढा मोठा रिव्ह्यू लिहायला बसलेय.

अपॉइंटमेंट घेतली की लगेच एक तक्ता पाठवतात आणि तो भरल्याशिवाय या नका असं स्पष्ट सांगतात. 2 पूर्ण दिवस प्रत्येक वेळची शू मापाच्या जगमध्ये मोजायची, किती वाजता झाली, काय आणि किती प्यायली, घाईची लागली होती का, चड्डी ओली झाली का, सगळं लिहायचं. सुट्टीचे दिवस घ्या, शाळेत जग घेऊन कोण फिरणार. त्याच्या जोडीला आठवडाभर शीची नोंद, त्यासाठी ब्रिस्टल चार्ट देतात, त्यात चित्रं आहेत 1 ते 7, म्हणजे 1 ला सुट्टे कडक खडे आणि 7 ला नुसतं पाणी. शूसाठी गेलो आणि हे शीचं काय विचारतायत असं बऱ्याच जणांना वाटतं, पण प्लीज भरा, आमचं अर्धं उत्तर तिथेच होतं.

डायरीचा अर्थ डॉक्टरांनी आमच्यासमोर पेन घेऊन समजावला ते मला फार आवडलं. मुलांच्या ब्लॅडरमध्ये साधारण किती मावायला हवं याचं एक सोपं गणित आहे, वयात 1 मिळवायचा आणि 30 ने गुणायचं, आलं ते मिलीमध्ये. हे 12 वर्षांपर्यंत, त्याच्या पुढे 390 धरतात. म्हणजे आमच्या 7 वर्षांच्या मुलीचं 240. तिच्या डायरीत सकाळची पहिली सोडून दुपारच्या शूचे आकडे होते 310, 330! आणि दिवसातून जायची फक्त 3 वेळा. मुलांनी दिवसाला 4 ते 7 वेळा जाणं ठीक, 3 किंवा कमी म्हणजे धरून ठेवतायत का बघायचं, 8 किंवा जास्त म्हणजे ब्लॅडर उगाच आकुंचन पावतंय का बघायचं. मग जिला सगळे कमजोर ब्लॅडर म्हणत होते तिचं ब्लॅडर उलट ताणून ताणून मोठं झालेलं, आणि गोळी मिळाली होती नेमकी उलट्या त्रासाची.

तपासताना डॉक्टर पहिल्यांदा माझ्याशी नाही, लेकीशी बोलले. "शू लागली आणि तुला जायचं नसेल तर तू काय करतेस, मला करून दाखव बरं." ती एका सेकंदात एका पायावर खाली बसली आणि टाच शूच्या जागी दाबून धरली. हे मी घरी हजार वेळा बघितलंय, टीव्हीसमोर, भावाशी खेळताना, आम्हाला वाटायचं तिची बसायची स्टाईल आहे. डॉक्टर म्हणाले याला व्हिन्सेंट्स कर्ट्सी म्हणतात आणि ही सवय डायरीइतकीच बोलकी आहे. मग पोट दाबून बघितलं, डाव्या बाजूला खाली कडक शी हाताला लागत होती. पाठीवर कमरेखाली खळगा, केसांचा पुंजका किंवा वाकडी घडी आहे का ते बघितलं, पायांचे रिफ्लेक्स बघितले, कारण ब्लॅडरच्या नसा मणक्याच्या त्याच भागातून येतात आणि मणक्यात काही जन्मजात दोष असेल तर कधी कधी तो आधी शूच्या तक्रारीतूनच कळतो. तिचं सगळं नीट होतं. युरीनची पट्टी पण लगेच केली, इन्फेक्शन आणि साखर दोन्हीसाठी.

आता युरोफ्लो. ज्यांच्या मुलांना सांगितलीय आणि जे घाबरलेत त्यांच्यासाठी नीट लिहिते. सुई नाही, नळी नाही, काहीच दुखत नाही. कमोडसारखी खुर्ची असते, खाली मशीन असतं, मुलाने नेहमीसारखी शू करायची आणि मशीन दर सेकंदाला किती मिली पडते याचा ग्राफ काढतं. लेकीला फक्त बाहेरून, कमरेखाली दोन स्टिकर लावली, त्यातून शू करताना खालचे स्नायू सैल सुटतात की आवळलेले राहतात ते कळतं. पहिल्या वेळेस तिचे पाय अधांतरी लटकत होते, ताईंनी लगेच थांबवलं, पायाखाली स्टूल दिलं, "गुडघे एकमेकांपासून लांब कर, जरा पुढे वाक, आणि आरामात" असं सांगून स्वतः पडद्याच्या बाहेर जाऊन थांबल्या. हे छोटं वाटेल पण पाय टेकले नाहीत तर खालचे स्नायू सैलच होत नाहीत आणि मग टेस्ट मुलाची नाही, खुर्चीची होते.

नॉर्मल ग्राफ घंटेसारखा गोल येतो, एकदा चढतो आणि उतरतो. आमचा वर खाली वर खाली असा आला, शून्याला टेकत नव्हता पण एकसारखा पण नव्हता, आणि प्रत्येक उताराला स्नायूंची रेघ जाड होत होती. म्हणजे शू सुरू केली की ती स्वतःच नकळत आवळून घेत होती. रिपोर्टवर याला स्टॅकॅटो लिहिलंय. अजून काही प्रकार असतात ते ताईंनी तक्त्यावर दाखवले, एकदम उंच टोक येऊन पटकन संपणारा म्हणजे बहुतेक घाईवालं ब्लॅडर, आणि बुटका लांबच लांब सपाट आला तर कुठे अडथळा आहे का बघायला लागतं, मुलग्यांमध्ये विशेषतः. पण एका ग्राफवर कुणी निदान करत नाही, आमची पण परत घेतली आणि दोन्ही सारखे आले तेव्हाच डॉक्टरांनी मान्य केलं.

शू झाल्यावर 5 मिनिटांच्या आत सोनोग्राफी, आत किती उरली ते बघायला. उशीर केला तर किडनीतून नवीन भरत जाते आणि आकडा खोटा येतो, म्हणून मशीन शेजारच्याच खोलीत आहे, ही सोय मला खूप बरी वाटली. या वयात 20 मिलीच्या वर उरली तर लक्ष द्यायचं, आमचे 55 उरले होते. आणि उरलेली शू पडून राहणं म्हणजे इन्फेक्शनला आमंत्रण. त्याच प्रोबने गुदाशयाची रुंदी पण मोजली, 30 मिमीच्या वर असेल तर शी साठलीय असं समजतात, तिची बरीच वर होती. भरलेलं आतडं मागून ब्लॅडरला दाबत असतं आणि दोघांचे स्नायू एकच, ती शी पण धरून ठेवत होती आणि शू पण. जी मुलगी रोज शी ला जाते तिला कॉन्स्टिपेशन कसं असेल असं मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले रोज थोडी बाहेर येते आणि बाकी आत साठत जाते, चार्टवर 1 आणि 2 दिसतायत ना.

नळी घालून ब्लॅडरचं प्रेशर मोजायची टेस्ट (युरोडायनॅमिक्स म्हणतात ती) त्यांनी केली नाही आणि का केली नाही ते पण सांगितलं. मणक्याचा आजार असेल, किडनीवर सूज असेल, किंवा साधे उपाय नीट करून पण फरक पडत नसेल तेव्हाच ती लागते. सरसकट सगळ्या मुलांना ती करायला सांगत असतील तर आधी डायरी, फ्लो आणि सोनोग्राफी झालीय का ते नक्की विचारा, हे मी मनापासून सांगतेय.

उपचार म्हणून आधी पोट साफ करायची पावडर आणि ती लगेच बंद करायची नाही, काही महिने चालते. दर 2 ते 3 तासांनी लागो न लागो शूला जायचं, त्यासाठी थरथरणारं घड्याळ, मुलांना आठवण आईने केलेली आवडत नाही पण घड्याळाची चालते. पायाखाली स्टूल घरी पण. आणि क्लिनिकमध्ये बायोफीडबॅकचे सेशन, स्टिकर लावून स्क्रीनवर गेम खेळायचा, स्नायू सैल सोडला की गेममधला मासा खाली येतो आणि आवळला की वर जातो. आधीची गोळी डॉक्टरांनी थांबवली कारण ती ब्लॅडर सैल करते, उरलेली शू वाढवू शकते आणि कॉन्स्टिपेशन तर नक्की वाढवू शकते. (तुमची चालू असेल तर वाचून स्वतः बंद करू नका, उरलेली शू मोजलीय का एवढं डॉक्टरांना विचारा.) मिसना द्यायला चिठ्ठी पण दिली, की हिला विचारलं की लगेच सोडा. त्या चिठ्ठीने आमच्या घरातलं पण ओरडणं बंद झालं, मुलं हे मुद्दाम करत नाहीत हे डॉक्टरच्या सहीने लिहून आलं की सगळ्यांना पटतं.

आता वेटिंग. फ्लो टेस्टला ब्लॅडर नीट भरलेलं लागतं, तिच्या मापाच्या निम्म्यापेक्षा जास्त म्हणजे 120 च्या पुढे, पण फार तुंबलेलं पण चालत नाही, मग ग्राफ बिघडतो. पाणी प्यायला लावून मुलाला तासभर बाहेर बसवणं म्हणजे ज्या सवयीवर उपचार घ्यायला आलो तीच सवय करून घेणं. लेक पाय आवळून येरझारा घालत होती, मी दोनदा काउंटरवर सांगितलं, तिथून उत्तर "नंबर येईल". आत ताईंना कळल्यावर त्यांनी तो राउंड बाद करून परत पाणी पाजून घेतला म्हणून वाचलं. फ्लोच्या मुलांसाठी वेगळा नंबर हवाच. दुसरं म्हणजे रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत आणि शॉर्टफॉर्ममध्ये, तोंडी समजावतात छान पण घरी आल्यावर आजीला काय वाचून दाखवणार.

फक्त रात्री अंथरूण ओलं होत असेल आणि मूल 5 वर्षांच्या आतलं असेल तर धावपळ नको, 5 व्या वर्षी पण साधारण 15 टक्के मुलं रात्री ओली करतातच. पण मुलाची धार बारीक असेल किंवा जोर लावावा लागत असेल, मुलीला नीट शू करून पण सतत थेंब थेंब गळत असेल, ताप येऊन इन्फेक्शन होत असतील, चाल बदलली असेल, तर वाट बघू नका. आणि कोरडं असणारं मूल अचानक ओलं करायला लागलं, सोबत तहान खूप आणि वजन उतरतंय, तर क्लिनिकच्या नंबरची वाट न बघता त्याच दिवशी जवळच्या डॉक्टरकडे साखर तपासा.

जाताना डायरी, जुने युरीन रिपोर्ट, चालू औषधांची नावं, दोन जास्तीच्या चड्ड्या आणि मुलाची पाण्याची बाटली न्या. पाणी घरून पाजून नेऊ नका, तिथे पोचल्यावर नंबर कितवा आहे ते विचारून मग पाजा.