इंग्रजीच्या तासिकेसाठी डिजिटल साधन निवडताना : कहूट, वेग्राउंड, प्लिकर्स, वर्डवॉल आणि वाचनाची साधने

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते; तरीही असंख्य मुलांच्या कानांवर इंग्रजी पडते ते केवळ त्या एका तासिकेत. त्यामुळे या तासिकेसाठी साधन निवडताना मुले रमतील की नाही एवढेच पाहून भागत नाही. वर्गात उपकरणे किती आहेत, ती कोणाच्या हातात राहणार आहेत आणि साधन वापरताना मूल इंग्रजी वाचणार, बोलणार की नुसता पर्याय निवडणार, हे आधी तपासावे लागते. यांपैकी शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच बहुतेक वेळा मागे पडतो.

कहूट आणि वेग्राउंड ही दोन्ही प्रश्नमंजूषेची साधने वरवर सारखी दिसतात. कहूट नॉर्वेतले असून ते २०१३ मध्ये सुरू झाले. वेग्राउंडची सुरुवात २०१५ मध्ये बंगळुरूत क्विझिझ या नावाने झाली आणि २०२५ मध्ये त्याला हे नवे नाव मिळाले. कहूटच्या मूळ रचनेत प्रश्न मोठ्या पडद्यावर दिसतो, मुलांच्या हातातील मोबाइलवर केवळ रंगीत आकार असतात आणि उत्तर जितके लवकर, तितके गुण अधिक मिळतात. शब्दसंपत्तीची किंवा क्रियापदांच्या रूपांची उजळणी करायची असेल, तर ही चुरस उपयोगी पडते आणि वर्गात चैतन्य येते. मात्र जे मूल इंग्रजी वाक्य अक्षर अक्षर जुळवत वाचते, त्याचे वाक्य पूर्ण होण्याआधीच वेळ संपत आलेली असते आणि मग ते अंदाजाने एखादा रंग दाबून मोकळे होते. वेग्राउंडमध्ये प्रश्न आणि पर्याय मुलाच्या स्वतःच्या पडद्यावर येतात, वेळेचे बंधन काढून टाकता येते आणि तोच संच गृहपाठ म्हणूनही देता येतो. म्हणून उताऱ्यावरील प्रश्नांसाठी किंवा वाचनाचा वेग कमी असलेल्या वर्गासाठी मी निःसंकोचपणे वेग्राउंड सुचवेन. कहूटच्या मोफत योजनेत एका वेळच्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असते. मोठ्या पटाच्या वर्गात मुलांचे गट पाडून प्रत्येक गटाला एकच मोबाइल दिल्यास ही अडचण दूर होते.

परंतु मुलांच्या हातात मोबाइलच नसतील, तर ही तुलना व्यर्थ ठरते. जिल्हा परिषदेच्या बहुसंख्य प्राथमिक शाळांसाठी विचारात घेण्याजोगे साधन म्हणजे प्लिकर्स. यात प्रत्येक मुलाला छापील चौकोनी आकृतीचे एक कार्ड मिळते. कार्डाची कोणती बाजू वर धरली आहे, त्यावरून ए, बी, सी किंवा डी हे उत्तर ठरते आणि शिक्षक आपल्या मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवून सगळ्यांची उत्तरे टिपतात. समजा, ‘शी इज गुड ___ क्रिकेट’ असा प्रश्न आहे आणि पर्याय ‘ऑन’, ‘इन’, ‘अ‍ॅट’, ‘विथ’ असे आहेत. मराठीत आपण ‘क्रिकेटमध्ये चांगली’ म्हणत असल्यामुळे निम्म्या वर्गाने ‘इन’ची बाजू वर धरली, तर ते शिक्षकांना त्याच क्षणी दिसते आणि पुढचा प्रश्न बाजूला ठेवून तेथेच थांबता येते. प्रत्येक कार्डावरील आकृती वेगळी आणि अक्षरे बारीक असल्याने शेजाऱ्याचे उत्तर पाहून कार्ड धरणे कठीण जाते, त्यामुळे एरवी हात वर न करणारी मुलेही यात सहभागी होतात. कार्डाचा क्रमांक हाच हजेरी क्रमांक ठेवल्यास मुलांची पूर्ण नावे कोठेही भरावी लागत नाहीत. कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नये, कारण प्रकाश परावर्तित झाला की कॅमेऱ्याला आकृती नीट वाचता येत नाही. जाड कागद पुरेसा आहे. वेग्राउंडनेही कागदी पत्रकांची अशीच सोय दिली आहे, त्यामुळे तेथे आधीच प्रश्नसंच तयार असलेल्या शिक्षकांना वेगळे साधन शोधण्याची गरज नाही.

या तिन्ही साधनांची मर्यादा मात्र एकच आहे : मूल पर्याय निवडते, बोलत नाही. लोकसहभागातून मिळालेला टीव्ही संच वर्गात असेल, तर वर्डवॉल ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढते. त्यातील फिरत्या चाकावर किंवा बंद खोक्यांत शिक्षकांनी आपले प्रश्न भरायचे, मुलाने पुढे येऊन खोके उघडायचे आणि आलेल्या प्रश्नाचे उत्तर पूर्ण इंग्रजी वाक्यात द्यायचे. एकदा भरलेल्या शब्दांतूनच जोड्या लावण्याचा किंवा विस्कळीत वाक्य जुळवण्याचा खेळही तयार होतो, हा वेळेचा मोठा लाभ आहे. मोफत खात्यात मोजकेच उपक्रम जतन करता येतात, म्हणून जुना उपक्रम संपादित करून पुन्हा वापरण्याची सवय लावून घ्यावी.

वाचनासाठी गुगलचे रीड अलाँग आणि प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर यांत निवड करण्याची वेळ सहसा येत नाही, कारण एक मुलाने एकट्याने वापरायचे आहे, तर दुसरे वर्गाने मिळून. २०१९ मध्ये भारतात ‘बोलो’ या नावाने आलेले रीड अलाँग मुलाचे मोठ्याने केलेले वाचन ऐकते. अडलेल्या शब्दावर बोट ठेवले की त्याचा उच्चार ऐकू येतो. घरी इंग्रजी वाचून दाखवणारे कोणी नसेल, तर ही सोय फार मोलाची आहे. मात्र मुलाने शब्द उच्चारला म्हणजे त्याला अर्थ कळला, असे गृहीत धरू नये. भरलेल्या वर्गाच्या गोंगाटात ते वापरण्याचा आग्रहही धरू नये. २०१५ पासून उपलब्ध असलेल्या स्टोरीवीव्हरवरील सचित्र पुस्तके चार वाचनस्तरांत विभागलेली असून त्यांचा खुला परवाना ती छापून वाटण्याची मुभा देतो. तीच गोष्ट अनेकदा मराठीतही मिळते. आधी मराठीत ऐकवलेली गोष्ट नंतर इंग्रजीत वाचताना मुले शब्दांचे अर्थ चित्रांवरून आणि कथानकावरून आपणहून लावतात. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोडमधून उघडणारे ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक मंचावरील साहित्य धड्याशी थेट जोडलेले असते, परंतु ते पाहण्याचे साहित्य आहे. त्यावर बोलण्याचा उपक्रम शिक्षकांनाच जोडावा लागतो.

एक मोबाइल आणि एक टीव्ही असलेल्या प्राथमिक वर्गाने प्लिकर्स व वर्डवॉल घ्यावे आणि आठवड्यातील एक तासिका स्टोरीवीव्हरला द्यावी. संगणक कक्ष चालू स्थितीत असलेल्या माध्यमिक शाळेने वेग्राउंडला प्राधान्य द्यावे आणि कहूट घटक संपल्यानंतरच्या उजळणीपुरते ठेवावे. कोणतेही साधन निवडले, तरी इतरांनी तयार केलेले प्रश्नसंच वर्गात उघडण्यापूर्वी वाचून घ्यावेत. त्यांपैकी अनेकांत अमेरिकी स्पेलिंग असते, बालभारतीच्या पुस्तकांत ब्रिटिश, आणि पुस्तकाप्रमाणे बरोबर लिहिणाऱ्या मुलाचे उत्तर यंत्र चूक ठरवू शकते.