पुट ऑफ, पुट आउट, पुट अप विथ: अँकी ॲप कितपत कामाला येतं?

फ्रेझल व्हर्ब्स (क्रियापदाला ‘ऑफ’, ‘अप’सारखा छोटा शब्द जोडून होणारी, वेगळ्याच अर्थाची क्रियापदं) पाठ करायला अँकी हे फ्लॅशकार्डचं ॲप झकास आहे, त्यावर मिळणारी आयती डेक्स (कार्डांचे गठ्ठे) मात्र बहुतेक टाकाऊ. त्यांत पुढे ‘पुट ऑफ’, मागे ‘पुढे ढकलणे’, एवढंच असतं. कार्ड पाहिलं की अर्थ आठवतो, पण बोलायची वेळ आली की तोंडातून ‘पोस्टपोन’च निघतं. शिवाय ‘द स्मेल पुट मी ऑफ माय फूड’ म्हणजे वासानेच जेवणावरची वासना उडाली, हा अर्थ त्या कार्डात कुठेच नाही.

म्हणून कार्डं स्वतः करा आणि नोटचा प्रकार ‘क्लोझ’ (रिकाम्या जागा भरा) निवडा. त्यात पूर्ण वाक्य लिहून हवे ते शब्द झाकता येतात. झाकलेल्या शब्दाभोवती ॲप महिरपी कंस आणि एक क्रमांक घालतं. ‘वी हॅड टू पुट द मीटिंग ऑफ’ हे वाक्य घ्या. यात ‘पुट’ आणि ‘ऑफ’ एकाच वेळी झाकले पाहिजेत, म्हणजे दोघांना एकच क्रमांक हवा. कॉम्प्युटरवर कंट्रोल-शिफ्ट-सी दर वेळी नवा क्रमांक देतं. सोबत ऑल्ट दाबलं की आधीचाच राहतो. क्रमांक वेगळे पडले तर दोन कार्डं होतात आणि एकातला ‘ऑफ’ दुसऱ्याचं उत्तर फोडतो. झाकलेल्या शब्दाला लागून, महिरपी कंस बंद होण्याआधी, दोन कोलन देऊन ‘पुढे ढकलली’ असं मराठीत लिहिलं की तेवढाच इशारा दिसतो. हे नाही केलं तर रिकाम्या जागी ‘कॉल ऑफ’ही (रद्द करणे) बसतं आणि बरोबर उत्तर देऊनही आपण चूक ठरतो.

सर्वनामाचं एक वेगळं वाक्य हवंच. ‘पुट इट ऑफ’ बरोबर, ‘पुट ऑफ इट’ चूक. पण ‘पुट अप विथ इट’ (ते सहन करणे) मधलं ‘इट’ मात्र शेवटीच. अर्थ पाठ असणारे नेमके इथे घसरतात.

‘पुट’ची सगळी पलटण एकाच दिवशी भरू नका. ‘पुट ऑन’, ‘पुट ऑफ’, ‘पुट आउट’ एकत्र शिकले की आठवडाभर एकमेकांत मिसळतात. ‘पुट युअर फुट डाउन’ (ठाम नकार देणं) आणि ‘पुट युअर फुट इन युअर माउथ’ (भलतंच बोलून बसणं) यांचंही तेच. मध्ये ‘गेट’, ‘टर्न’ची कार्डं पेरा.

रोज २० नवी कार्डं हे ॲपचं मूळ सेटिंग इथे फार होतं, कारण थोड्याच दिवसांत रोजची उजळणी नव्या कार्डांच्या साधारण दहापट होते. पाचावर आणा. उत्तर आठवलं नाही तर ‘अगेन’ दाबा. बरेच जण लाजेकाजेस्तव ‘हार्ड’ दाबतात. ॲपच्या लेखी ‘हार्ड’ म्हणजे आठवलं, पण कष्टाने. मग ते कार्ड उगाच लांब ढकललं जातं.

आठ वेळा विसरलेल्या कार्डावर ॲप ‘लीच’ (जळू) अशी खूण करतं. ते तसंच चालू ठेवू नका. बहुधा वाक्यच मोघम असतं, तेच बदला.

अँड्रॉइड आणि कॉम्प्युटरवर ॲप फुकट, आयफोनवर विकत, तेही बरंच महाग. आयफोनवाल्यांनी ब्राउझरमध्ये अँकीवेब (अँकीची वेबसाइट) वापरलं तर उजळणी फुकटात होते. दिसायला सगळं सरकारी फॉर्मसारखं रुक्ष आहे.