पुसूनही न पुसली जाणारी ड्राइव्ह आणि माझे ७,४८९ रुपये

आधी आकडा सांगून टाकतो, ज्यांना हसायचंय त्यांनी एकदाच हसून घ्यावं. ७,४८९ रुपये. त्यातले १,९३९ ऑनलाइन गेले, ३,१५० गावातल्या दुकानात माझ्या डोळ्यांदेखत गेले आणि २,४०० निस्तरण्यात. आणि मी कोण, तर बावीस वर्षं सांगलीत लोकांची इन्कम टॅक्सची आणि जीएसटीची कामं करणारा माणूस. दुसऱ्याच्या हिशेबातली चार रुपयांची तफावत मला रात्री झोपू देत नाही. म्हणून तर लिहायला जास्त लाज वाटते.

जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क भरली होती, मधूनच टकटक वाजायची. पक्षकारांचे दहा वर्षांचे कागद तिच्यात. पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंट, खरेदीखतं, सगळं स्कॅन केलेलं. मिळून ११८ जीबी. एका मोठ्या शॉपिंग साइटवर ‘२ टीबी पोर्टेबल एसएसडी’ दिसली, म्हणजे साधारण दोन हजार जीबी मावणारी, बाहेरून जोडायची वेगवान ड्राइव्ह. १,८९९ रुपये आणि ४० रुपये घरपोच. खरी याच्या कितीतरी पट महाग असते हे मला माहीत होतं. पण सणाची सूट चालू होती, चारच्या वर तारे होते, आणि मोठी साइट आहे म्हणजे कोणीतरी बघत असेलच, असं धरून चाललो. कोणी बघत नसतं. माल भलताच कोणीतरी विकत असतो, साइट फक्त ओटा भाड्याने देते.

खोट्या क्षमतेचा प्रकार बहुतेकांना ठाऊक असेल, पेन ड्राइव्हमध्ये तो जुनाच आहे. आत छोटंसं मेमरी कार्ड आणि कॉम्प्युटरला ‘मी दोन टीबी आहे’ असं सांगणारं खोटं फर्मवेअर, म्हणजे वस्तूच्या आतच भरलेला प्रोग्रॅम. खरी जागा संपली की पुढचं सगळं हवेत जातं, पण फायलींची नावं यादीत दिसत राहतात, साइझसकट. म्हणजे चोपडीवर मालाची नोंद आहे आणि गोदामात घुशी.

आता माझा पहिला आंधळेपणा. ड्राइव्ह लावल्यावर विंडोजने एकूण जागा दाखवली १.९५ टीबी. कंपन्या टीबी हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १,०२४ च्या. त्यामुळे खरी दोन टीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये १.८१ च्या आसपास दिसते. माझ्या जुन्या एक टीबीच्या डिस्कवर ९३१ जीबी लिहिलेलं मी वर्षानुवर्षं रोज पाहतोय. तिथे ‘कमी का दिसतं’ म्हणून एकदा दुकानदाराशी भांडलोही होतो. इथे जास्त दिसलं तर खूश झालो! जास्तीचं कुठून आलं, हे पक्षकाराला पहिल्या मिनिटाला विचारलं असतं.

वेगही तसाच, सेकंदाला पाच-सहा एमबी. एसएसडी म्हणवणारी वस्तू इतकी रडत नाही. मी म्हटलं, आमचा कॉम्प्युटर जुना. रात्रभर लावून ठेवलं. आणि कॉपी नाही केलं, कट-पेस्ट केलं. हे वाक्य मी दोनदा लिहून दोनदा खोडलं होतं, पण राहू दे. कट-पेस्ट करू नका. कधीच. कॉपी करा, दहा फायली इकडून-तिकडून उघडून बघा, मगच जुन्या उडवा.

चौथ्या दिवशी एकाला कर्जासाठी जुनी रिटर्न हवी होती. फाइल उघडेना. दुसरीही उघडेना. पहिले साधारण ५९ जीबी ठीक, त्यापुढे सगळं नुसतं नावाला. साइटवर परतीची विनंती टाकली, ती लगेच मंजूर झाली. सात दिवसांची मुदत, त्यातले तीन शिल्लक. खाली एक ओळ होती: ‘वस्तू परत देण्याआधी त्यातील आपला वैयक्तिक डेटा पुसून टाकावा.’

बरोबरच आहे म्हटलं. लोकांचे आधार कार्ड कुरिअरवाल्याच्या पोत्यात कसे टाकणार? सगळं सिलेक्ट केलं, डिलीट केलं. रिकामी. काढली, परत लावली, सगळं जागच्या जागी! फॉरमॅट मारला, ‘फॉरमॅट कम्प्लीट’ आलं. काढून लावली, पुन्हा तेच. शेवटी डिस्कपार्ट, म्हणजे विंडोजमधलंच डिस्क साफ करायचं हत्यार, उघडून ‘क्लीन’ दिलं. त्यानेही काम झाल्याचं सांगितलं. काढून लावली, पक्षकार हजर. कुठे एरर नाही, ‘राइट प्रोटेक्टेड’ अशी तक्रार नाही. मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडावं आणि आपल्याआधी ते दारात बसलेलं असावं, तसं.

मग गेलो दुकानात. नाव लिहीत नाही, वकिलांनी नको म्हटलंय. काउंटरवरच्या माणसाला मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, “पुसलं जातं, पण काढून परत लावलं की सगळं परत येतं.” तो म्हणाला, “व्हायरस आहे साहेब, लो लेव्हल फॉरमॅट मारावा लागेल. १,२०० होतील, व्हायरस क्लीनिंगचे ४५० वेगळे.” वीस मिनिटं आत खुडबुड केली, मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. “बघा, कोरी पाटी.” खरंच रिकामी होती. मी हात पुढे केला तर म्हणाला, “थांबा, सेफली रिमूव्ह करून देतो,” आणि बबलच्या कागदात गुंडाळून दिली.

हाच तो क्षण. काढून लावल्यावर परत येतं, हेच तर मी सांगायला गेलो होतो. ‘एकदा काढून लावून दाखव’ हे चार शब्द तोंडातून निघाले नाहीत. समोर मॉनिटर, बाजूला माणूस, हातात पाकीट. का नाही म्हणालो? मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि आपण अडाणी दिसू असं वाटलं, एवढंच खरं कारण.

त्याहून वाईट पुढे आहे. मी म्हणालो, बिल द्या. तो म्हणाला, “बिल हवं तर अठरा टक्के जीएसटी पडेल.” १,६५० वर २९७ रुपये. आणि मी, जीएसटीची कामं करणारा, म्हणालो, “राहू दे मग.” रोख दिले. २९७ रुपये वाचवले आणि त्याच्याविरुद्धचा एकमेव पुरावा त्याच्याच गल्ल्यात ठेवून आलो. बिल घ्या हो. यूपीआयने द्या, निदान नोंद तरी राहते.

घरी लावली. सगळं परत. दुसऱ्या दिवशी तावातावाने गेलो तर शांतपणे म्हणतो, “मग चिप लेव्हलला करावं लागेल, १,५००, रात्रभर ठेवून जा.” आणि मी ठेवून आलो. संताप इथे माझ्यावरच येतो. दुसऱ्या दिवशी त्याची साप्ताहिक सुट्टी होती, हे त्याने सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ड्राइव्ह मिळाली, तशीच्या तशी. साइटची मुदत आदल्या दिवशी संपलेली. पैसे मागितले तर, “आमची मेहनत तर गेली ना?” आणि ते कागद दोन रात्री त्याच्याकडे होते, हे मला नंतर अंथरुणात आठवलं.

पुण्याचा भाचा आला तेव्हा त्याने पाच मिनिटांत सांगितलं. “मामा, हे कार्ड मेलंय. फ्लॅश मेमरी लिहून-पुसून झिजते. आतल्या कंट्रोलरकडे, म्हणजे कार्डाचा कारभार बघणाऱ्या चिपकडे, बदली जागा उरली नाही की तो लिहिणं बंद करतो, वाचायला फक्त देतो. काही कार्डं एरर देतात, हे ‘हो हो’ म्हणून काहीच करत नाही. तुम्हाला रिकामी दिसते ती विंडोजच्या स्वतःच्या आठवणीत. काढली की आठवण गेली.” म्हणजे कुठलाच फॉरमॅट चालणार नव्हता, आणि या धंद्यात बसलेल्या माणसाला हे कळत नाही यावर माझा विश्वास नाही. तो स्क्रीन वळवत होता ना, काढून लावत नव्हता!

भाच्याने खोका उघडला. हिरवी पट्टी, तिच्यावर गरम गोंदाने चिकटवलेलं ६४ जीबीचं मायक्रो एसडी कार्ड, आणि वजनासाठी लोखंडी चकती. चकती तेवढी अस्सल होती. नवी ड्राइव्ह आली की आधी ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा ‘व्हॅलिड्राइव्ह’ हा तपासणीचा प्रोग्रॅम चालवा, लिनक्सवाल्यांनी ‘एफ३’. लिहून परत वाचून बघतात, खोटं लगेच उघडं पडतं. फुकट आहेत. जुन्या डिस्कवर सुदैवाने नंतर काही लिहिलं नव्हतं, तिच्यातून बरंच परत मिळालं. राहिलेलं पुन्हा स्कॅन करायला एका मुलाला चार दिवस बसवला, रोज ६०० प्रमाणे २,४००.

आता तक्रारीचं ऐका. साइटच्या चॅटवर अकरा वेळा ‘असुविधेबद्दल क्षमस्व’. मुदत का चुकली ते सांगितलं, तर उत्तर आलं की डेटा पुसणं ही ग्राहकाची जबाबदारी. पुसला जात नाही हीच तर तक्रार आहे बाई! की बाई नव्हतीच, यंत्र होतं, कोण जाणे. पोलीस ठाण्यात गेलो तर अंमलदाराने आधी रक्कम विचारली, ऐकून शेजारच्याकडे बघितलं. “ऑनलाइन आहे, सायबरला जा.” सायबरला गेलो. “खात्यातून पैसे चोरले का? नाही ना? वस्तू मिळाली ना? मग हे ग्राहक मंचाचं.” दुकानाचं काढलं तर, “बिल आहे?” गप्प बसलो. मीच हट्ट धरला तेव्हा म्हणाले, अर्ज द्या आणि ड्राइव्ह मुद्देमाल म्हणून जमा करा. कोणाच्या भरवशावर? त्या टेबलावर आधीच तीन मोबाइल, एक लॅपटॉप आणि अर्धा वडापाव पडला होता. पोच मागितली तर शिक्का मारणारे साहेब बंदोबस्ताला गेलेले. तीन हेलपाट्यांनंतर पोच मिळाली, तीही तारखेशिवाय. तारीख मी स्वतः घालून घेतली, त्यांच्याच पेनने.

ग्राहक आयोगात जाणाऱ्यांसाठी: पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, मुदत दोन वर्षांची, अर्ज ऑनलाइन होतो. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर नोंद करा. विक्रेत्याचं पान, किंमत, ‘२ टीबी’ लिहिलेली जाहिरात यांचे स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी काढा. माझ्या विक्रेत्याचं पान आठवड्यात गायब झालं, तशीच ड्राइव्ह दुसऱ्या नावाने आली. आणि लोकांचे कागद कुठेही ठेवायचे तर बिटलॉकरसारखं (विंडोजमधलं, पासवर्डशिवाय ड्राइव्ह वाचू न देणारं) कुलूप घालूनच ठेवा, मग पुसली नाही तरी बिघडत नाही. हे मला आता कळतंय.

मला हातोडा मारायचा होता. वकील म्हणाले, फोडू नका, पुरावा आहे. पाकिटात घालून, लाख लावून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन ठेवा. ठेवलीय कपाटात, वरच्या कप्प्यात, किल्ली माझ्या जानव्याला. दुकान माझ्या रोजच्या वाटेवर आहे. परवा सिग्नलला थांबलो तर त्याने काउंटरवरूनच हात केला आणि हाक मारली, “काय साहेब, झाली का रिकामी?”