मुलाखतीशिवाय की मुलाखतीसह?

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरायची वेळ आली की ओळखीतल्या पोरापोरींचे फोन सुरू होतात. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) झालेली असते, टेटचे (भरतीसाठीच्या अभियोग्यता चाचणीचे) गुण हातात असतात आणि प्रश्न ठरलेला: सर, यादीत जिल्हा परिषद वर ठेवू का खासगी संस्था? म्हणजे मुलाखतीशिवायची जागा की बहुतेक मुलाखतीसहची. दोन्हीकडचं पाणी मी प्यायलोय. 2013 ते 2019 बीड जिल्ह्यात एका खासगी संस्थेच्या हायस्कूलवर होतो. 2019 पासून हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवतो. सांगतोय ते माझ्यापुरतं खरं आहे, एवढं धरून वाचा.

पैशाचं आधी उरकतो. शिक्षण सेवकाची, म्हणजे नियमित पगाराआधी मानधनावरची, तीन वर्षं दोन्हीकडं चुकत नाहीत. 1 जानेवारी 2023 पासून मानधन आठवीपर्यंतच्या शिक्षकाला 16,000 आणि माध्यमिकला 18,000. (आमची बॅच 6,000 वर तीन वर्षं राबली, 2022 ला नियमित झाली, आणि मानधन वाढलं ते त्यानंतर. चालायचंच.) त्या दोन हजारांवर नोकरी ठरवू नका. विचारायचंच असेल तर संस्थेत हे विचारा, की याआधी लागलेल्याला शिक्षण खात्याची वैयक्तिक मान्यता मिळून शालार्थ आयडी (सरकारी पगार ज्यावर निघतो तो नंबर) यायला किती महिने लागले. तोवर पद अनुदानित असूनही पगार निघत नाही, आणि खोलीभाडं तर पहिल्या महिन्यापासून द्यावंच लागतं. माझी तुकडी विनाअनुदानित होती, संस्था हातावर ठेवील तो पगार. म्हणून पगाराबाबत माझा अनुभव प्रमाण मानू नका.

आता शिकवण्याचं. इथं मी संस्थेला झुकतं माप देतो, आणि ते मनापासून. बी.एड.ला आपण सूक्ष्म अध्यापनाचे पाठ घेतो, टाचण काढतो, पस्तीस मिनिटांत प्रस्तावनेपासून गृहपाठापर्यंत सगळं बसवतो. वर्गात गेल्यावर त्यातलं फारसं कामाला येत नाही. मला शिकवलं ते आमच्या स्टाफरूमनं. विज्ञानाचे एक जुने सर होते, निवृत्तीला चार वर्षं राहिलेली. पहिल्या महिन्यात ते न सांगता माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसायचे. तास संपला की एकच वाक्य बोलायचे, तेही जिन्यात. एकदा म्हणाले, "सगळी पोरं एकदम 'हो सर' म्हणली की समज, कुणालाच कळलं नाही." आजही सगळा वर्ग एका सुरात 'हो' म्हणाला की माझा खडू थांबतो. एका विषयाचे तीन-चार शिक्षक एका छताखाली असणं ही हायस्कूलची खरी कमाई. नव्या माणसाला दुसरं प्रशिक्षण नाही मिळालं तरी चालेल, असं मला वाटतं.

जिल्हा परिषदेत पहिल्या दिवशी माझ्या हातात खडू नाही, किल्ल्या आल्या. मुख्याध्यापक गुरुजी बैठकीला निघाले होते. पोषण आहाराचं रजिस्टर कुठं, तांदळाची खोली कुठली, एवढं सांगून त्यांनी गाडीला किक मारली. सहावी, सातवी, आठवी एकाच खोलीत. तीन वर्ग एका वेळी कसे सांभाळायचे हे मला कुठल्याही पाठात कुणी शिकवलं नव्हतं. पुढं महिन्याच्या शिक्षण परिषदेत केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांवरचे, बाकीचे गुरुजी भेटायला लागले. अधिकृत विषय काहीही असो, जेवणाच्या सुट्टीत खरी शाळा भरायची. शेजारच्या वाडीवरच्या मॅडमनं मला सांगितलं, "एका वर्गाला शिकवा, एकाला लिहायला द्या, आणि तिसऱ्याला आठवीची पोरं द्या." चार महिने त्याच्यावरच निभावले. तरीही आधार संस्थेतच जास्त होता. तिथं तो जिन्यात भेटायचा, इथं महिन्यातून एकदा.

मग मी इकडं का आलो? मे महिन्यामुळं.

हे संस्थेच्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं. पट टिकला तर तुकडी टिकते, तुकडी टिकली तर संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) पद टिकतं, नाहीतर माणूस अतिरिक्त. हे गणित संस्थाचालकाला आपल्यापेक्षा चांगलं येतं. त्यामुळं परीक्षा संपली की शिक्षकांची गावं वाटून दिली जायची आणि किती पोरं आणायची त्याचा प्रत्येकाला आकडा मिळायचा. मला वीस. नवा म्हणून लांबचे तांडे माझ्याकडं. गाडी माझी, पेट्रोल माझं, आणि ऊन मे महिन्यातल्या मराठवाड्याचं, त्याबद्दल वेगळं काय सांगू. दप्तर देऊ, वह्या देऊ, मुलीला सायकल देऊ असं बोलत दारोदार फिरायचं. त्याच दारात दुसऱ्या शाळेचा सर आधीच बसलेला असला की दोघांनी एकमेकांकडं न बघता पाणी प्यायचं. संध्याकाळी मुख्याध्यापकांच्या खोलीत हजेरी: किती झाले?

दुसऱ्या वर्षी एका तांड्यावर एक बाई भेटली. नुकतीच ऊसतोडीहून परतलेली, अंगणात कोयते पडलेले. माझं सगळं ऐकून घेतलं आणि साधेपणानं विचारलं, "मास्तर, तुमी बी टोळीच भरायलात का?" टोमणा नव्हता तो. तिच्या ओळखीत दारात येऊन माणसं मोजणारा आणि आधीच काही हातात टेकवणारा एकच, उचल देणारा मुकादम. मला उत्तर सुचलं नाही. तिचा पोरगा माझ्या वीसात धरला गेला, जूनमध्ये हजेरीवर आला आणि दिवाळी झाली तसा आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला. त्याच्याविषयी शाळेत कुणी विचारलं नाही, तपासणीपुरतं नाव पटावर होतं. त्यानंतर चार उन्हाळे मी तेच काम केलं, पण मन उडालं ते त्या अंगणात. डिसेंबर 2017 ला पहिली टेट झाली, ती मी त्याच रागात दिली.

जिल्हा परिषदेत तांड्यावर जावं लागत नाही असं नाही. मी आजही जातो, पण दिवाळीच्या आधी. आजी गावात राहणार का, आईबाप ऊसतोडीला गेल्यावर पोरांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाच्या प्रस्तावात पोराचं नाव घालू का, हे विचारायला. सगळे थांबत नाहीत. मागच्या हंगामात सातजणांपैकी चार थांबले. तरी दारात उभं राहताना मान खाली जात नाही, आणि माझ्यासाठी तेवढ्यानंच पारडं झुकलं. तुमच्यासाठी झुकेलच असं नाही.

कारण इकडचेही काटे मोजून घ्या. बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं, काम येतं. मोबाइलवर सकाळी अकराला निरोप येतो की बारापर्यंत माहिती भरा, आणि रेंज शोधत तुम्ही पाण्याच्या टाकीवर चढता. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या निर्णयानंतर कमी पटाच्या सहावी-आठवीला धाकधूक इथंही आहेच. आणि सगळ्यात मोठं म्हणजे घर. माझं घर अंबाजोगाईला. परळीहून रेल्वेनं परभणी, पुढं एसटी, असे माझे कित्येक शनिवार गेले. 2023 च्या शासन निर्णयानं नव्यानं लागणाऱ्यांसाठी आंतरजिल्हा बदलीचं दार जवळपास लावूनच घेतलं. म्हणून जिल्हा भरताना 'लागू तर दे, नंतर बघू' म्हणू नका. ज्या जिल्ह्यात म्हातारं व्हायची तयारी आहे तोच वर टाका. घरी आजारी माणूस असेल आणि संस्था तुमच्याच तालुक्यात असेल, तर मी आग्रह धरणार नाही. फक्त पसंतीक्रम लॉक करण्याआधी मे महिन्यात एकदा त्या शाळेत जाऊन या. दुपारी स्टाफरूम भरलेली दिसली तर खुशाल भरा.

गेल्या मे महिन्यात निकालाचं काम करत बसलो होतो, तेव्हा फाटकाशी एक गाडी थांबली. तालुक्याच्या एका हायस्कूलचा नवा सर, तोंडाला रुमाल बांधलेला, मागे तीन नवी दप्तरं. आठवीची यादी हवी होती. मी विचारलं, "आकडा किती दिलाय?" म्हणाला, "पंधरा." त्याला पाणी दिलं, चहा केला, नऊ नावं लिहून दिली, कोणाचे आईबाप परत आलेत आणि कोणाचे अजून यायचेत तेही सांगितलं. त्यानं रुमाल बांधला, गाडी वळवली आणि थांबून विचारलं, "सर, पुढची टेट कधी आहे, काही कळलं का?"