वळचणीची फळी कुजली: पुट्टी, जोड, की नवी फळी?

आमच्या फोंड्याकडच्या घराला गेल्या मे महिन्यात रंग काढायला घेतला. रंगाऱ्याचा खरवडायचा पत्रा मागच्या वळचणीच्या फळीत, म्हणजे वाशांच्या टोकांवर ठोकलेल्या आडव्या फळीत, शिरला तो थेट उकडलेल्या सुरणात शिरावा तसा. वरून फळी ठणठणीत दिसत होती. दोन वर्षांपूर्वीच तिच्यावर ऑइलपेंटचे दोन हात दिले होते, आणि आत मुरलेलं पाणी त्या रंगानेच बाहेर पडू दिलं नव्हतं.

तुमच्याकडेही असं काही निघालं असेल, तर लाकडाचं ठरवण्याआधी पन्हळ बघा. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छपराची पन्नास चौरस मीटरची एक बाजू धरली आणि तासात पन्नास मिलिमीटरची सर आली, तर त्या एका तासात अडीच हजार लिटर पाणी पन्हळीतून जायला हवं. फणस-आंब्याचा पातेरा तोंडाशी अडकला की ते काठावरून मागे वळतं आणि फळीवर येतं. आमच्याकडे पातेऱ्याच्या जोडीला दुसरीही चूक होती. पन्हळ बसवणाऱ्याने ती फळीला घट्ट चिकटवून, पाणसळ न लावता नुसत्या नजरेने बसवली होती. उतार मीटरला निदान पाच मिलिमीटर तरी हवा, म्हणजे दहा मीटरला पाच सेंटिमीटर. पुढचा काठ मागच्यापेक्षा बोटभर खाली हवा, म्हणजे तुंबलं तरी पाणी अंगणात सांडेल. शेवटच्या ओळीचं कौल पन्हळीच्या आत दोन इंच तरी आलेलं असावं. हे सुधारायचं नसेल तर पुढचं वाचून उपयोग नाही, कारण सागाची नवी फळीही तशीच जाईल.

आता लाकूड. स्क्रूड्रायव्हर घ्या आणि हातभर अंतरावर टोचत जा, विशेषतः फळीच्या टोकांना, सांध्यांना आणि पन्हळीच्या ब्रॅकेटच्या भोकांपाशी. फळीपेक्षा मागच्या वाशांची टोकं जास्त महत्त्वाची. फळी सुटी करून तीही टोचल्याशिवाय कुणाचाही अंदाज खरा मानू नका, सुताराचासुद्धा.

सगळ्यात स्वस्त पर्याय पुट्टीचा. भिंतीची पुट्टी इथे कामाची नाही, पहिल्याच पावसात तिची खपली निघते. दोन भाग मिसळून लावायचं इपॉक्सी फिलर टिकतं, पण लाकूड पूर्ण कोरडं असेल तरच, म्हणजे पावसाळ्यात ते करायचंच नाही. खळगा लहान असेल, फळीच्या निम्म्या जाडीपेक्षा उथळ असेल, तर मी पुट्टीच निवडेन. जुन्या घरांच्या कातरलेल्या झालरीला तर नक्कीच, कारण तशी नक्षी पुन्हा कापून देणारा सुतार सहज मिळत नाही. मात्र ब्रॅकेटचा स्क्रू त्या भरावात मारू नका.

जोडाचं काम वेळखाऊ आहे, पण माझा कल त्याच्याकडे. मऊ भागाच्या पुढे वीतभर चांगल्या लाकडापर्यंत कापायचं, सांधा तिरका घ्यायचा आणि तो वाशाच्या टोकावरच येऊ द्यायचा, दोन वाशांच्या मध्ये लोंबकळत नको. नव्या तुकड्याच्या कापलेल्या टोकांना बसवण्यापूर्वीच प्रायमर पाजा, कारण लाकूड पाणी पितं ते टोकाकडून. आमच्या बारा मीटर फळीतली तीन मीटर अशी बदलली. वाशाचं टोक गेलं असेल तर कुजलेला भाग कापून बाजूला त्याच उंचीचा जोडवासा बोल्टने बांधतात. तो कुजलेल्या लांबीच्या दुप्पट-तिप्पट तरी चांगल्या वाशाला लागून आत जायला हवा. त्यासाठी कौलांच्या खालच्या दोन-तीन ओळी उतरवाव्या लागतात, तेव्हा वाळवीचा मागही दिसतो.

टोचून निम्म्याहून जास्त फळी मऊ लागली तर ठिगळं लावण्यात अर्थ नाही, पूर्ण बदला. साग चांगला, पण त्याचा गाभा हवा. कडेचा पांढुरका भाग सागाचा असला तरी साध्या लाकडासारखाच कुजतो. फणसाचं लाकूड आपल्याकडे पूर्वापार घरकामाला वापरतात, आणि घरचं जुनं झाड पडलेलं असेल तर त्याहून बरं काय? पण ते वाळलेलं हवं. ओली फळी बसवली की पहिल्या उन्हाळ्यात पिळते आणि पन्हळीचा उतारही बिघडवते. मांद्रे-हरमलसारख्या किनाऱ्याजवळच्या घरांनी स्क्रू स्टेनलेसचेच घ्यावेत, खाऱ्या वाऱ्यात साधं लोखंड फार टिकत नाही.

डब्ल्यूपीसीची, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेली फळी सध्या सगळे सुचवतात. ती सहजी कुजत नाही, वाळवीही सहसा लागत नाही, हे खरं. पण उन्हात ती लांबते, म्हणून सांध्यात फट सोडावी लागते. पन्हळीचं वजन तिच्यावर टाकू नये, ब्रॅकेट वाशालाच हवेत. शिवाय तिच्यामागचा वासा निमूटपणे कुजत राहिला तर कळायला मार्ग नाही, फळी मात्र नव्यासारखी दिसत राहणार. नव्या स्लॅबच्या घरावर पत्र्याची किंवा कौलांची पडवी असेल तर मी हीच फळी घेईन, जुन्या कौलारू घराला नाही. कुजलेल्या लाकडावर ॲल्युमिनियमचा पत्रा मढवून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

आणखी एक पर्याय फारसं कुणी सुचवत नाही: पन्हळच काढून टाकणं. आमच्या आजोबांच्या वेळी ती नव्हतीच. वळचण भिंतीपासून दोन-अडीच फूट बाहेर होती आणि पागोळ्या पडत तिथे चिऱ्यांची ओळ बसवलेली होती. तुमची वळचण तेवढी बाहेर असेल आणि अंगणाचा उतार घराबाहेर असेल, तर पन्हळ फक्त दारावर ठेवा. वळचण आखूड असेल तर हे करू नका, शिंतोडे चिऱ्याच्या भिंतीत मुरतात.

हे वाचताना मे संपत आला असेल तर आत्ता फळी उघडू नका. पन्हळीतला पातेरा काढा, फळीला चिकटलेली असेल तर तेवढी सुटी करून पाणी सरळ अंगणात पडू द्या. चवथीआधी रंगाऱ्याने कितीही आग्रह केला तरी मऊ लाकडावर रंग देऊ नका. सुताराला मात्र आत्ताच सांगून ठेवा, दिवाळीनंतर तो सापडत नाही.